सतत बांधलं जाणारं यान

रशियन शिकताना मराठी माणसाचा पाय पहिल्यांदा अडखळतो तो क्रियापदाच्या ‘वीद’पाशी. काळ तीनच, पण जवळजवळ प्रत्येक क्रियापद जोडीनं येतं. ‘स्त्रोईत्’ म्हणजे बांधणं, बांधत राहणं. ‘पस्त्रोईत्’ म्हणजे बांधून पुरं करणं. ‘त्यांनी जहाज बांधलं’ हे साधं मराठी वाक्य रशियनमध्ये न्यायचं तर आधी ठरवावं लागतं, जहाज पाण्यात उतरलं की नाही. आपल्याकडे ‘बांधून काढलं’, ‘करून टाकलं’ अशा जोडक्रियापदांनी हे काम होतं, पण ते करायचं की नाही ही मुभा आपली. रशियनमध्ये सुटका नाही.

माणसं नेणारं, आणि निदान अर्धंमुर्धं तरी पुन्हा वापरता येईल असं अवकाशयान करण्याचे रशियात गेल्या पन्नासेक वर्षांत बरेच प्रस्ताव आले. त्यांच्याविषयीचं रशियन गद्य मी गेली काही वर्षं वाचते आहे, आणि त्यातली बहुतेक क्रियापदं पहिल्या जातीची आहेत. ‘राझराबातिवायेत्सा’, विकसित केलं जात आहे. ‘प्लानीरुयेत्सा’, योजलं जात आहे. कोण योजतंय ते वाक्यात येत नाही आणि संपलं केव्हा तेही येत नाही.

यातला सर्वात देखणा प्रस्ताव क्लिपरचा. फेब्रुवारी २००४ मध्ये रशियन अवकाशसंस्थेचे तेव्हाचे प्रमुख युरी कोप्तेव यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मॉस्कोजवळच्या कोरोल्योव गावात, एनेर्गिया या जुन्या संस्थेच्या कारखान्यात, त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती पत्रकारांना दाखवण्यात आली. आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २००३ रोजी, कोलंबिया शटल सात माणसांसह जळून गेलं होतं. अमेरिकेची शटलं जमिनीवर होती, अवकाशस्थानकावर माणसं पोचवायला सोयूझखेरीज काही उरलं नव्हतं, आणि तेलाचे भाव चढू लागले होते. नवं काही मागायची हीच वेळ होती.

क्लिपर म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं वेगवान शिडाचं जहाज. रशियनांनी हा शब्द इंग्रजीतून उचलला तसाच ठेवला. यानाचं वजन साधारण १३ टन, म्हणजे सोयूझच्या जवळजवळ दुप्पट. माणसं ३ च्या जागी ६. पुढचा भाग चपट्या पोटाच्या होडीसारखा. वातावरणात शिरताना दगडासारखं पडण्याऐवजी हे पोट हवेवर रेलतं, त्यामुळे आतल्या माणसांवर येणारा भार सोयूझपेक्षा बराच कमी राहतो आणि उतरायची जागा निवडायला अधिक वाव मिळतो. हा भाग पंचवीसेक वेळा वापरायचा, आणि मागे जोडलेली, सोयूझवरूनच घेतलेली राहायची खोली दर वेळी टाकून द्यायची. म्हणूनच ते ‘अंशतः’ पुन्हा वापरायचं यान. २००५ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या ल बूर्जेच्या प्रदर्शनात त्याचा नमुना होता. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनापर्यंत त्याला पंख फुटले होते. आराखडा असा ऋतूगणिक बदलू लागला की माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकालाही शंका यावी.

सोयूझमधून नेमकं काय परत येतं, हे इथेच सांगायला हवं. सोयूझचे तीन तुकडे. पुढे राहायची गोल खोली, मध्ये घंटेच्या आकाराची कुपी, मागे इंजिनं आणि सौरपंख्यांचा भाग. परतताना तिन्ही सुटे होतात आणि जेमतेम ३ टनांची कुपी तेवढी माणसांना घेऊन खाली येते. जमिनीपासून हातभर अंतरावर छोटी अग्निबाणं पेटतात, धूळ उडते आणि कझाकस्तानच्या माळावर कुपी आदळते. आत बसलेल्यांना ते ‘अलगद उतरणं’ वाटत नाही, पण रशियन परिभाषेत त्याला अलगद उतरणंच म्हणतात. त्यानंतर ती कुपी पुन्हा उडत नाही. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ मधून गेले आणि ११ तारखेला आले ते सोयूझ टी-१० मधून, कारण स्थानकाला आधीपासून जोडलेलं यान घेऊन परतायचं आणि ताजं यान तिथल्यांसाठी मागे ठेवायचं ही पद्धत होती. ती जळकी कुपी दिल्लीच्या नेहरू तारांगणात ठेवलेली आहे. आमच्या पिढीतल्या ज्यांच्या घरी ‘सोव्हिएत लँड’ची मराठी आवृत्ती यायची आणि अनिल हवालदारांच्या अनुवादातून देनिसच्या गोष्टी वाचल्या जायच्या, त्यांच्या डोक्यात सोयूझ हा शब्द ‘यान’ या अर्थानं आधी शिरला. त्याचा अर्थ ‘संघ’ आहे हे नंतर कळलं. (‘संयुज्’शी त्याचं नातं जोडायचा मोह प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला होतो. तो आवरावा. शब्द ‘उझी’, म्हणजे बंध, या बाजूचा आहे.) ज्या संघाचं नाव त्याला दिलं तो १९९१ मध्ये गेला. यान अजून उडतं आहे.

त्याला बाजूला सारण्याचे प्रयत्न ते धड उडायला लागण्याआधीच सुरू झाले होते. साठच्या दशकात मिकोयान या विमानसंस्थेत ग्लेब लोझिनो-लोझिन्स्की ‘स्पिराल’ नावाच्या छोट्या अवकाशविमानावर काम करत होते. ते रद्द झालं, पण त्याची लहान प्रतिरूपं उष्णतारोधक फरश्या तपासायला वापरली गेली. त्यांपैकी एक जून १९८२ मध्ये आणि एक मार्च १९८३ मध्ये हिंदी महासागरात उतरलं. सोव्हिएत जहाजं ती उचलत असताना वरून ऑस्ट्रेलियाचं टेहळणी विमान छायाचित्रं काढत होतं. त्या छायाचित्रांवरून नासानं स्वतःचा एक आराखडा केला आणि त्या आराखड्यातून पुढे ड्रीम चेसर हे अमेरिकी यान आलं. मूळ संहिता हरवावी आणि परभाषेतल्या चोरट्या अनुवादातून ती शिल्लक राहावी, असा हा प्रकार तौलनिक साहित्याच्या वर्गात सांगितला असता तर कुणी आश्चर्य केलं नसतं.

व्लादिमीर चेलोमेई यांचं टीकेएस हे यान त्याच काळातलं. त्यालाही दोन भाग होते. माणसांना परत आणणारी शंकूसारखी कुपी, जी दहा वेळा वापरता यावी अशी बनवली होती आणि माणसांविना झालेल्या चाचण्यांत एकदा वापरलेली पुन्हा उडवलीही गेली. आणि तिला जोडलेला मोठा नळकांड्यासारखा सामानाचा भाग, जो काम झाल्यावर जाळून टाकायचा होता. त्या कुपीत कधीच कुणी माणूस वर गेला नाही. सामानाच्या भागाचं काय झालं ते पुढे येईल.

बुरान सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. अमेरिकी शटलकडे पाहून केलेलं, १५ नोव्हेंबर १९८८ रोजी माणसांविना दोन प्रदक्षिणा करून आपलं आपण धावपट्टीवर उतरलेलं, आणि १२ मे २००२ रोजी बैकोनूरच्या हँगरचं छप्पर कोसळून चिरडलं गेलेलं. त्या दिवशी छपरावर काम करणारी ८ माणसंही गेली. बुरान म्हणजे हिमवादळ.

मला सर्वांत जास्त रस आहे तो झार्यात, कारण त्यामागे कोन्स्तान्तिन फेओक्तिस्तोव आहेत. जन्म १९२६, व्होरोनेझ. १९४२ मध्ये, सोळाव्या वर्षी, लाल सैन्यासाठी हेरगिरी करताना ते जर्मनांच्या हाती सापडले. खड्ड्याच्या काठावर उभं करून गोळी घातली. ती हनुवटीतून शिरून मानेतून निघाली. मेल्याचं सोंग घेऊन ते पडून राहिले आणि नंतर सरपटत निघून गेले. हा मुलगा पुढे कोरोल्योवांच्या संस्थेत अभियंता झाला आणि गागारिनचं व्होस्तोक ज्यांनी कागदावर आखलं त्यांत प्रमुख होता. १२ ऑक्टोबर १९६४ रोजी व्होस्खोदमधून ते स्वतः वर गेले. अवकाशयान आखणारा माणूस अवकाशात जाण्याची ही पहिलीच वेळ. आत जागा इतकी कमी होती, की तिघांनाही अवकाशपोशाखाशिवाय बसवलं होतं. ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नव्हते, आणि झालेही नाहीत.

१९८५ मध्ये त्यांनी झार्या हाती घेतलं. सोयूझच्याच घंटेचा आकार, पण मोठा. वजन सुमारे १५ टन. पंख नाहीत, धावपट्टी नाही. मुख्य म्हणजे पॅराशूटही नाही: चोवीस छोट्या इंजिनांच्या धगीवर यान सरळ उभं उतरायचं. कुपी ३० ते ५० वेळा वापरायची आणि मागचा लहानसा भाग दर खेपेला टाकायचा. यानाबरोबर आपटून फुटणारं काही नसेल तर परत वापरायला अडचण काय, असा त्यातला साधा विचार होता. साध्या विचारावर माझा विश्वास बसतो. सहकाऱ्यांना मात्र इंजिनं पेटली नाहीत तर काय, ही भीती होती, आणि ती काही मूर्खपणाची नव्हती. जानेवारी १९८९ मध्ये पैसे नाहीत म्हणून काम थांबलं. पुढच्या वर्षी फेओक्तिस्तोव संस्था सोडून गेले. पुढे तीन दशकांनी स्पेसएक्सनंही आपल्या ड्रॅगनला इंजिनांवर उतरवायचं ठरवलं होतं; २०१७ मध्ये तेही तो बेत सोडून पॅराशूट आणि समुद्राकडे वळले.

झार्या या शब्दाचा मराठीत मला नीट पर्याय सापडत नाही. ‘पहाट’ म्हणावं तर अर्धाच अर्थ येतो, कारण रशियन झार्या सकाळची असते तशी संध्याकाळचीही असते. सूर्य क्षितिजाखाली असताना आकाशात पसरणारी लाली, उगवतीची किंवा मावळतीची. १९९८ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचा पहिला तुकडा वर गेला, त्याला हेच नाव दिलं. आणि तो तुकडा बनवला होता चेलोमेईंच्या टीकेएसच्या सामानाच्या भागावरून. टीकेएसचा जो भाग जपून परत आणायचा होता त्याची संग्रहालयात रवानगी झाली. जो जाळायचा होता त्याचा वंशज, एका रद्द यानाचं नाव घेऊन, पंचवीस वर्षांहून जास्त काळ वर फिरतो आहे.

क्लिपरचं पुढे काय झालं? डिसेंबर २००५ मध्ये बर्लिनला युरोपीय अवकाशसंस्थेच्या मंत्र्यांची बैठक झाली. क्लिपरच्या प्राथमिक अभ्यासासाठी ५ कोटी युरोंच्या आसपास मागितले होते, नकार मिळाला. जानेवारी २००६ मध्ये रशियन संस्थेनं निविदा काढली. एनेर्गियाचं क्लिपर, ख्रुनिचेव्ह कारखान्याचं टीकेएसवर बेतलेलं यान आणि मोल्निया संस्थेचं विमानाच्या पाठीवरून सुटणारं यान, असे तिघे उतरले. जुलैत निविदाच गुंडाळली गेली. विजेता कोणीच नाही. क्लिपरचा हिरिरीनं प्रचार करणारे एनेर्गियाचे प्रमुख निकोलाय सेवास्त्यानोव यांना २००७ मध्ये पदावरून दूर करण्यात आलं. क्लिपरबरोबर ‘पारोम’ नावाची एक ओढनौका योजली होती, तीही गेली. पारोम म्हणजे आपल्या कोकणातली तर. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, गुरं, मोटारी नेणारी. हा एकच शब्द मला अनुवादात न झिजता आणता आला असता.

यशाच्या इतक्या जवळ जाऊन हे बेत का फसतात याची रशियन उत्तरं बहुतेक राजकीय असतात: अमुक प्रमुखाचं तमुकाशी वाकडं होतं. त्यात तथ्य असेल. मला पटणारं उत्तर मी राहते तिथल्या रस्त्यावर मिळालं. चेन्नईच्या नैर्ऋत्येला ओरगडम हा मोटारींचा पट्टा आहे. रेनो-निस्सान, डेमलर, रॉयल एनफील्ड हे सगळे इथे. चाकण-पिंपरीहून बदलून आलेली मराठी कुटुंबंही बरीच. पोटासाठी मी कारखान्यांच्या सुरक्षासूचना आणि यंत्रांच्या पुस्तिका हिंदी-मराठीत करते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं रशियन ही फुरसतीची गोष्ट. इथे सुटे भाग दोन तऱ्हांनी येतात. जवळच्या पुरवठादाराकडून प्लास्टिकच्या क्रेटमधून किंवा लोखंडी ट्रॉलीवरून, आणि तीच रिकामी क्रेट संध्याकाळच्या ट्रकनं परत जाते. समुद्रापलीकडून येणारा माल मात्र पुठ्ठ्यात आणि लाकडी पेट्यांत येतो, आणि तो पुठ्ठा रद्दीत जातो. क्रेट महाग असते. ती धुवावी लागते, मोजावी लागते, हरवली तर कुणाच्या नावावर टाकायची ते ठरवावं लागतं. हे सगळं परवडतं ते फेऱ्या पुष्कळ आणि अंतर थोडं असेल तरच. महिन्यातून एकदा येणाऱ्या मालासाठी कुणी क्रेट फिरवत नाही.

सोयूझ ही पुठ्ठ्याची पेटी आहे. वर्षाला चार, आणि अलीकडे दोन, एवढ्याच फेऱ्या. क्लिपरचं एक धूड २५ वेळा वापरायचं म्हटलं तर या वेगानं एकट्याला सहाहून जास्त, नाही तर बारा वर्षं पुरेल. मग कोरोल्योवमधल्या कारखान्यानं त्या वर्षांत करायचं काय? जे हात दर सहा महिन्यांनी एक कुपी घडवतात ते चुकत नाहीत, कारण त्यांना खंड पडत नाही. तीन धुडं बांधून त्यांना घरी बसवलं तर चौथं बांधायची वेळ येईल तेव्हा ते हात असणार नाहीत. पुन्हा वापरायचं यान करायला आधी खूप उडायचं कारण हवं. अमेरिकी शटलचंही दुखणं हेच होतं: ताट परत वापरायचं खरं, पण ते घासायलाच इतके महिने आणि इतकी माणसं लागत, की पत्रावळ स्वस्त पडावी. तीस वर्षांत १३५ उड्डाणं झाली. बेत दर आठवड्याला एकाचा होता.

२०११ मध्ये शटल निवृत्त झाल्यावर तर घाईचं उरलंसुरलं कारणही संपलं. २०२० पर्यंत स्थानकावर माणसं नेण्याचा जगात एकच मार्ग होता आणि त्याची किंमत एका आसनाला शेवटी ९ कोटी डॉलरच्या घरात गेली. जुनी गाडी इतकं कमावत असताना ती मोडीत कोण काढेल?

तरी कागद पुढे सरकत राहिला. एप्रिल २००९ मध्ये एनेर्गियाला पुढच्या पिढीच्या यानाचं काम मिळालं. पंख गेले, होडीचं पोट गेलं. आता साधा शंकू, अमेरिकी कुपीच्या वळणाचा. सुरुवातीच्या आराखड्यांत तो इंजिनांवर उतरणार होता. फेओक्तिस्तोव त्याच वर्षी नोव्हेंबरात वारले. पुढच्या आराखड्यांत पॅराशूट परत आलं, इंजिनं शेवटच्या क्षणापुरती उरली आणि खाली पाय आले. कुपी दहा वेळा वापरायची, मागचा भाग फेकायचा. ज्या अग्निबाणावरून ते जाणार होतं तो रुस-एम २०११ मध्ये रद्द झाला, मग अंगारा आला. २०१६ मध्ये यानाचं नाव ‘फेदेरात्सिया’ ठरलं, म्हणजे संघराज्य. संघाची जागा संघराज्यानं घ्यावी हे इतकं सरळ होतं की त्यावर विनोदही करवत नाही. २०१९ मध्ये रोगोझिन यांच्या कारकिर्दीत नाव बदलून ‘ओर्योल’ झालं. ओर्योल म्हणजे गरुड. सतराव्या शतकातल्या एका आद्य रशियन युद्धनौकेचंही नाव हेच. पहिल्या उड्डाणाचं वर्ष आधी २०१५ होतं, मग २०२१, मग २०२३, मग २०२८.

या सगळ्यात भारतीयांना पडायचं कारण आहे. गगनयानासाठी निवडलेले चौघे वैमानिक फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२१ गागारिन केंद्रात शिकत होते, आणि शिकले ते सोयूझच्या शाळेत. त्यांतले अजित कृष्णन चेन्नईचे. श्रीहरिकोटा चेन्नईहून उत्तरेला ८० किलोमीटर असल्यामुळे आपण जे वर पाठवून परत मागवतो ते बहुधा या शहराच्या बंदरांवर येतं. डिसेंबर २०१४ मध्ये माणसांविना पाठवलेली चाचणी-कुपी अंदमानजवळ उतरली आणि तटरक्षक दलाच्या जहाजानं एन्नोरला आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये संकटकाळी सुटकेची चाचणी झाली तेव्हाची कुपी समुद्रात उलटी तरंगत होती; तीही नौदलानं चेन्नईच्या धक्क्यावर आणून उतरवली. चौघांतले शुभांशू शुक्ला जून २०२५ मध्ये वर गेले ते रशियन यानातून नव्हे, तर ड्रॅगनमधून, ज्याची कुपी परत वापरतात आणि मागचा पोकळ भाग फेकून देतात. क्लिपरच्या कागदांत ‘अंशतः’ या क्रियाविशेषणानं जे सांगितलेलं होतं ते हेच.

ओर्योलविषयीच्या अलीकडच्या रशियन मजकुरात एक नवं क्रियापद मला दिसू लागलं आहे: ‘इस्पीतिवायेत्सा’, चाचणी घेतली जात आहे. हेही पहिल्याच जातीचं. त्याची जोडी ‘इस्पिताली’, चाचणी पुरी केली, ही पॅराशूट, आसनं, उतरण्याचे पाय अशा सुट्या भागांपुढे लागलेली दिसते. अख्ख्या यानापुढे अजून नाही.